आबांच्या नावावरचं परमिट

दुपारी तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी बोर्डावरचं सतरा नंबरचं परमिट हिरव्याचं राखाडी झालं. आधी मला वाटलं, स्क्रीनवर ऊन पडलंय. उठून खिडकीचा पडदा ओढला. परमिट राखाडीच.

मी शर्वरी लेंगरे, बोरजाई उपकेंद्रातली यंत्रचालक. उपकेंद्र म्हणजे माळावरची दोन खोल्यांची इमारत, भोवती तारेचं कुंपण, आत ट्रान्सफॉर्मर आणि गावांकडे निघालेल्या आठ मोठ्या वाहिन्या. त्यांना आम्ही फीडर म्हणतो. कुठल्या फीडरमध्ये वीज आहे आणि कुठल्यात नाही यावर डोळा ठेवायचा, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते खरी, पण यात चुकलं की माणूस जातो.

म्हणून परमिट. तारेवर चढण्याआधी लाईनमननं उपकेंद्राकडून परमिट घ्यायचं, म्हणजे मी शब्द द्यायचा की तुम्ही सांगेपर्यंत या तारेत वीज सोडणार नाही. ज्यानं घेतलं त्यानंच ते परत करायचं, दुसऱ्या कुणी नाही. आजोबांच्या काळी याचा कागद असायचा. आता २०४१ साल आहे, कागद गेला, पण रीत तीच.

सतरा नंबरचं परमिट सुबराव पुकळे यांच्या नावावर होतं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. छत्तीस वर्षांची नोकरी, आणि त्यांच्या परमिटवर आजवर एकही माणूस दगावलेला नाही, हे ते स्वतः दिवसातून दोनदा सांगत. पण त्या घडीला आबा कुठल्याच खांबावर नव्हते. परमिट घेऊन ठेवून ते बावीस किलोमीटरवर तालुक्याच्या गावी गेले होते, कारण ती मे महिन्याची एकतीस तारीख होती आणि त्यांचा निरोप समारंभ चालला होता.

खांबावर होता माझा नवरा.

धैर्यशील कंत्राटी लाईनमन. कंत्राटी माणसाला खांबावर चढायची परवानगी आहे, परमिट घ्यायची नाही. हा नियम ज्यानं केला त्याला एकदा खांबावर चढवायला हवं. मग आमच्याकडे सगळे करतात तेच आम्हीही करायचो. परमिट कायम नोकरीतल्या माणसाच्या नावावर, आणि वर चढायला कंत्राटी. आमच्या भागातली सगळी परमिटं आबांच्या नावावर निघत. आमच्या उपअभियंता साहेबांना ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं, आणि देणारी मीच, त्यामुळे मलाही.

पण हिरवं परमिट राखाडी का व्हावं, हे कळायला 'अखंड' काय आहे ते सांगायला हवं.

अखंड ही आमच्या कंपनीची संगणकप्रणाली. जुन्या संगणकात केलेलं काम आठवणीनं जपून ठेवावं लागे. विसरलात आणि वीज गेली, की गेलं. अखंडमध्ये जपून ठेवणं हा प्रकारच नाही. फायली नाहीत. तिथं सगळ्या वस्तू आहेत. फीडर ही एक वस्तू, वीज तोडणारा ब्रेकर दुसरी, परमिट तिसरी, मी चौथी, माझा रजेचा अर्ज पाचवी. एकदा जन्माला आली की प्रत्येक वस्तू आपलं सगळं लक्षात ठेवून जगत राहते. यंत्र बंद करा, चालू करा, वस्तू जिथं होती तिथूनच पुढे.

मग एवढा पसारा मावणार कुठं? त्यासाठी एक नियम आहे. मुळाशी कंपनी. कंपनीनं माझा हात धरलाय, मी माझ्या अर्जाचा धरलाय. असा हात धरत धरत मुळापासून जिच्यापर्यंत पोचता येतं ती वस्तू जगते. जिचा हात कुणीच धरलेला नाही ती आधी राखाडी होते, आणि दर तासाच्या ठोक्याला झाडणी होते तेव्हा केरात जाते. ती पुन्हा मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, फीडरनं परमिटचा हात धरलेला असणारच. तिथंच तर मेख आहे. अखंड नवं होतं तेव्हा फीडर परमिट धरूनच ठेवायचा. मग एक लाईनमन परमिट परत न करता मेहुणीच्या लग्नाला गेला आणि दोन गावं तीन दिवस अंधारात राहिली. लोकांनी उपकेंद्राला टाळं ठोकलं. तेव्हापासून फीडर परमिटकडे नुसता बघतो, धरत नाही. परमिट दिसलं की गप्प, परत झालं किंवा दिसेनासं झालं की चालू. परमिटचा हात धरायचा तो फक्त घेणाऱ्या माणसानं.

आणि त्या माणसाचा हात कंपनीनंच सोडला होता.

मी घड्याळ पाहिलं. तीन त्रेचाळीस. चारच्या झाडणीला सतरा मिनिटं.

धैर्यशीलला फोन लावला. तो होता त्या कावळेखिंडीत रेंज नाही हे मला माहीत होतं, तरी लावला. खिंड सहा किलोमीटर, रस्ता सगळा दगडगोट्यांचा, गाडीनं पंचवीस मिनिटं. मग आबांना लावला. वाजून वाजून बंद झाला. मग विभागीय कार्यालयातल्या नलवडे क्लार्कना.

"नलवडे, आबांना कार्यमुक्त केलंत का हो?"

"केलं की ताई!" माणूस खुशीत होता, मागे हॉलमधल्या टाळ्या ऐकू येत होत्या. "एरवी पाच वाजता निघतो आदेश. म्हातारा माणूस, नंतर ताटकळत कशाला ठेवायचा? म्हटलं शाल-श्रीफळाबरोबरच हातात देऊ. साहेबांची सही सकाळीच घेऊन ठेवली होती."

"परत घ्या तो. आबांच्या नावावर परमिट चालू आहे. माणूस वर आहे."

टाळ्या थांबल्या असाव्यात, किंवा नलवडे बाहेर आले असावेत. "परत नाही घेता येत ओ ताई. पुन्हा रुजू करायचं तर तीन सह्या लागतात, त्यातली एक मुंबईची. पण आबा तर इथं स्टेजवर बसलेत. मग वर कोण आहे?"

"साहेबांना गाठा. आत्ता," म्हणून मी फोन ठेवला. नलवडेंनी नंतर शपथेवर सांगितलं की त्यांनी चिठ्ठी स्टेजवर पाठवली होती. साहेब भाषणात होते. त्यांनी ती शुभेच्छा समजून खिशात घातली.

मग नियंत्रण कक्षाला लावला. तिथला मुलगा फारच शांत होता. "मॅडम, परमिट राखाडी म्हणजे धारक नाही. धारक नाही म्हणजे तारेवर माणूस नाही."

"माणूस आहे. माझा नवरा आहे."

"त्यांच्या नावावर परमिट दिसत नाही."

त्याचं बरोबर होतं, हीच तर बोंब होती.

तीन एकोणपन्नास. पूर्वी ब्रेकरला हँडल असे, त्याला कुलूप, आणि किल्ली लाईनमनच्या खिशात. आता ब्रेकर आणि तार जमिनीला जोडणारं अर्थिंग दोन्ही एका सीलबंद डब्यात आहेत आणि परमिट संपलं की डबा स्वतःच अर्थिंग काढून वीज सोडतो. लाईनमनच्या गाडीवरच्या अर्थिंगच्या साखळ्यासुद्धा गेल्या वर्षी जमा करून घेतल्या, आता गरज नाही म्हणून. भिंतीवरचं लाल बटण दाबलं असतं तर माझा ब्रेकर पडला असता. पण हा फीडर दोन टोकांचा. इकडून वीज गेली की चाळीस सेकंदांत तिकडच्या उपकेंद्रातून येते, आणि तिकडं माणूसच नेमलेला नाही.

मी यंत्राची वायरच उपटली. स्क्रीन काळी झाली. पुन्हा खोचली, आणि समोर तोच बोर्ड, तोच राखाडी सतरा नंबर, मी अर्धवट टाइप केलेल्या शब्दासकट. ज्या गुणासाठी अखंडची आरती ओवाळली जाते तो गुण मला तेव्हा शत्रू वाटला.

धरायला हात हवा. कुणाचाही. परमिट माझ्या नावावर करून पाहिलं. देणाऱ्याला घेता येत नाही. नोंदवहीत चिकटवून पाहिलं. नोंदवहीत नक्कल उतरते, खरी वस्तू नाही, आणि नक्कल बघून फीडर थांबत नाही.

आणि मग मला तक्रार आठवली.

सुरक्षेची तक्रार. मागे एका अपघाताचे पुरावे चौकशीआधीच झाडले गेले होते, तेव्हापासून हा नियम झाला. सुरक्षेच्या तक्रारीला जोडलेली वस्तू अखंड खरोखरीची ताब्यात घेतं, नक्कल नाही, आणि तक्रार मिटेपर्यंत सोडत नाही. ज्या माणसावर तक्रार आहे त्यालाही सोडत नाही. आमच्या कंपनीत तक्रारीइतकं चिवट दुसरं काही नाही.

मी फॉर्म उघडला आणि पुरावा म्हणून सतरा नंबरचं परमिट जोडलं. आरोपीचं नाव आपोआप उमटलं. सुबराव ज्ञानू पुकळे.

तीन त्रेपन्न.

पुढची चार मिनिटं मी काहीही केलं नाही, हे मला कबूल करायला हवं. नवरा खांबावर आणि मी हात मांडीवर ठेवून बसले होते. मला सख्खा मामा नाही. माझ्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी पाठीमागे मामा म्हणून आबा उभे होते, नवं धोतर नेसून. हे काम मला त्यांनी शिकवलं. त्यांना ना बढती मिळाली, ना पदक. त्यांच्याकडे होतं ते कोरं सेवापुस्तक. आणि मी ते आजच, या घटकेला, सगळ्या विभागादेखत काळं करणार होते. कशासाठी? धैर्यशील कदाचित केव्हाच खाली उतरला असेल. फुटका इन्सुलेटर बदलायला कितीसा वेळ लागतो? साडेतीनपर्यंत होईल म्हणाला होता. तो झाडाखाली बसून भाकरी खात असेल, आणि मी इथं आबांच्या तोंडाला काळं फासत असेन.

असेल. कदाचित. या दोन शब्दांवर मी चार मिनिटं घालवली.

मग आरोपांच्या यादीतून निवडलं, परमिट स्वतःच्या नावावर घेऊन दुसऱ्याला वर चढवणे. हे खोटं नव्हतं. खाली दुसऱ्या आरोपीची जागा होती. तिथं माझं नाव घातलं, कारण परमिट देताना मला सगळं ठाऊक होतं. अंगठा ठेवला. तीन अठ्ठावन्न.

स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. 'पुरावा ताब्यात घेत आहे.' मी मोठ्यानं म्हणाले, घे बाबा, घे. चक्र फिरतच होतं. तीन एकोणसाठला मी ट्रान्सफॉर्मरच्या आवाजाकडे कान लावून उभी राहिले. फीडर चालू झाला की त्याची घरघर एक पट्टी खाली येते.

चार वाजले. झाडणी सुरू झाली. बोर्डावरची राखाडी नावं एकेक करून जायला लागली, कुणाचा जुना अर्ज, कुणाच्या कामाची पाळी, कुठली तरी संपलेली मापनं. चार वाजण्याआधीची सगळी अडगळ. सतरा नंबर थरथरला, आणि लाल झाला. 'पुराव्यात जमा.'

घरघर बदलली नाही. मी खाली फरशीवर बसले आणि पदर तोंडात धरून रडले.

सव्वाचारला धैर्यशीलचा फोन आला, खिंडीच्या वरून. "झालं गं काम. आबांना सांग परमिट परत करायला. हत्यारं आवरून निघतो मी." चार वाजता तू कुठं होतास, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. तो तेव्हा खाली असला, तर आबांचं मी हे काय करून बसले होते?

पाचला दहा कमी असताना कुंपणाशी जीप थांबली. आबा उतरले. खांद्यावर शाल, कपाळाला कुंकू, गळ्यात अर्धा तुटलेला हार. मागून उपअभियंता कुलथे साहेब. हॉलमध्ये काय घडलं ते मला नंतर कळलं. मोठ्या स्क्रीनवर आबांचे फोटो चालले होते आणि मध्येच माझी तक्रार उमटली, सुरक्षेची तक्रार विभागातल्या सगळ्या स्क्रीनवर जाते तशी. निवेदकाला समोर येईल ते वाचायची सवय. त्यानं आबांचं नाव, आरोप, तक्रारदार, सगळं खड्या आवाजात वाचून टाकलं. आबांची बायको पहिल्या रांगेत होती.

"पोरी," आबा दारातच थांबले, "माझ्यावर? आन् तू?"

"आबा, बसा. सांगते."

"बसायला आलो न्हाई मी. छत्तीस वर्सं! एका मानसानं बोट दावलं न्हाई. तुज्या लग्नात तुज्या मागं हुबा ऱ्हायलो, ते ह्येच्यासाठी व्हय?"

मी सांगितलं. कार्यमुक्तीचा आदेश, राखाडी परमिट, चारची झाडणी. आबा ऐकत होते की नाही कळेना. कुलथे साहेबांना मात्र समजलं. त्यांनी बोर्ड बघितला, खिशातली नलवडेंची चिठ्ठी काढली, वाचली, पुन्हा खिशात घातली.

"झालं ते झालं," साहेब म्हणाले. "आता निस्तरू. तक्रार उभी आहे तोवर परमिट सुटत नाही, म्हणजे फीडर चालू होत नाही. तीन गावं बंद आहेत. चौकशी लावली तर दोन महिने जातील. त्यापेक्षा मॅडम, तुम्ही लिहा, गैरसमजातून तक्रार झाली. एका मिनिटात मिटेल. आबाही मोकळे."

"म्हंजी खोटी तक्रार," आबा म्हणाले. "मग हिचं काय?"

"नियमानं नोकरीवरून कमी करतात. पण मी बघतो ना काहीतरी."

"आन् खरी म्हनलं तर?"

"तुम्ही दोष मान्य केला तरी लगेच मिटते. पण आबा, ते सेवापुस्तकात लागतं. कायमचं. अखंडमधून कबुली कधी झाडली जात नाही. आजच्या दिवशी कशाला?"

मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती, हेही सांगून टाकते. घर माझ्या पगारावर चालतं. पण आबांकडे बघून मी म्हणाले, "मी लिहिते, आबा. चुकून झाली म्हणून."

तेवढ्यात धैर्यशीलची मोटारसायकल आली. अंगावर धूळ, हातात पक्कड. जीप, हार, साहेब, सगळं बघून तो गोंधळला. "आबा? कार्यक्रम संपला एवढ्यात?"

"चार वाजता कुटं हुतास?" आबांनी विचारलं.

"मी?"

"चारच्या ठोक्याला. नीट आठीव."

"वरच की. पहिला इन्सुलेटर बसेना, म्हणून उशीर झाला. दोन्ही हातांत तार धरून क्लॅम्प आवळत होतो. का हो?"

आबांनी हात मागे नेऊन खुर्ची चाचपली आणि बसले. त्यांचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. ते धैर्यशीलच्या हातांकडे बघत राहिले.

"सायेब," शेवटी ते म्हणाले, "परमिट माझ्या नावावर काढत जावा, असं पैल्यांदा कोन म्हनलं हुतं?"

कुलथे साहेब पंख्याकडे बघायला लागले.

"ऱ्हाऊ द्या. मी व्हय म्हनलो हुतो." आबा खुर्ची ओढत टेबलाशी आले. "कुटं ठिवायचा अंगठा?"

"आबा, नको," मी म्हणाले.

"गप. दाव."

मी दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, आरोप शब्द न् शब्द वाचला आणि 'दोष मान्य' यावर अंगठा ठेवला. लगेच माझ्या नावापुढंही तेच आलं, मीही ठेवला. मला ताकीद मिळणार होती, त्यांना डाग.

परमिट पुन्हा हिरवं झालं. कबुलीनं आता आबांचा हात धरला होता, त्यामुळे परत करायचा हक्क त्यांचाच.

"समदी खाली हायत?" त्यांनी धैर्यशीलला विचारलं.

"हो आबा."

"हत्यारं मोजली?"

"मोजली."

"तारेला काय ऱ्हायलंय का?"

"नाही."

मग त्यांनी परमिट परत केलं. घरघर एक पट्टी खाली आली. तिकडं तीन गावांत पंखे फिरले असतील.

साहेब जीपकडे गेले. मी आबांच्या पाया पडले आणि माफी मागितली. त्यांनी मला उठवलं.

"माफी कशाची मागतीस? खरं तेच लिवलंस. ह्यो तारेला धरून वर हुता, आन् मी तिकडं पेढा खात हुतो."

त्या महिन्यात आमच्या विभागातले आणखी चार जण निवृत्त झाले. चौघांचीही सेवा निर्दोष. पुढच्याच तासाच्या झाडणीत त्यांचं अखंडमध्ये काही म्हणता काही उरलं नाही. कोऱ्या माणसाचा हात धरायला कुणालाच कारण नसतं. आबा तेवढे राहिले. त्यांची कबुली, तिनं धरलेलं सतरा नंबरचं परत झालेलं परमिट, आणि त्याला नंतर जोडलेला माझा जबाब, ज्यात वर चढलेल्या माणसाचं खरं नाव आहे. कंपनीच्या कुठल्याही परमिटला कंत्राटी माणसाचं नाव लागलेलं ते पहिलंच. युनियननं तेच पुढे करून नियम बदलायची मागणी लावून धरलीय. अजून बदललेला नाही. धैर्यशील मात्र दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. त्यापायी कंत्राटदारानं दोनदा घरी बसवलंय त्याला.

आबा अधूनमधून उपकेंद्रावर चहाला येतात. परवा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "माझं नाव हाय का गं अजून त्यात?"

"आहे, आबा."

"काय म्हून?"

मला सांगवेना. पण त्यांच्याशी खोटं बोलायची सवय नाही. "दोषी म्हणून."

"आन् धैर्याचं?"

"तेही आहे. तुमच्याच खाली."

आबांनी मान डोलावली. "मग आसू दे," म्हणाले.